डॅशबोर्डवरची लाईट जातच नाहीये? आधी कोड लिहून घ्या, पार्ट नंतर बदला

डॅशबोर्डवर पिवळी लाईट लागते, गॅरेजवाला स्कॅनर लावून ती घालवतो, दोन-तीन दिवस सगळं बरं चालतं आणि परत तीच लाईट हजर. मग कोणीतरी म्हणतं सेन्सर गेलाय, सेन्सर बदलला जातो, चार-पाच हजार जातात आणि आठवड्याभरात लाईट पुन्हा लागते. हे इतक्या लोकांच्या बाबतीत होताना बघतोय की सगळं एकदा नीट लिहून काढायचं ठरवलं. मुद्दा एकच आहे, लाईट घालवणं हे एक काम आणि बिघाड शोधणं हे दुसरं काम, आणि आपल्याकडे बऱ्याचदा पहिल्याचेच पैसे घेतले जातात.

सगळ्यात आधी, कुठली लाईट लागल्यावर हे असलं शोधत बसायचंच नाही ते सांगतो. लाल रंगाची ऑईलच्या झारीसारखी लाईट चालत्या गाडीत लागली तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नेऊ वगैरे काही नाही, सुरक्षित जागा बघून लगेच बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. ही लाईट ऑईल किती आहे ते सांगत नाही, ऑईलचं प्रेशर पडलंय हे सांगते, आणि प्रेशरशिवाय इंजिन मिनिटा-दोन मिनिटात कायमचं खराब होऊ शकतं. पाच-दहा मिनिटं थांबा, गाडी सपाटीवर असेल तर डिपस्टिक पुसून परत घालून बघा, लेव्हल कमी असेल तर ऑईल भरा, आणि लेव्हल बरोबर असूनही लाईट जात नसेल तर परत स्टार्ट मारू नका, टोइंगला फोन करा. टेम्परेचरची लाल लाईटही तशीच. एसी बंद, हीटर फुल, बाजूला थांबायचं, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडायचं नाही, उकळतं कूलंट प्रेशरने तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. (सकाळी गार इंजिनला निळ्या रंगाची थर्मामीटरची लाईट लागते ती वेगळी, इंजिन अजून गार आहे एवढाच तिचा अर्थ, ती थोड्या वेळात आपोआप जाते.)

तिसरी म्हणजे चेक इंजिनची पिवळी लाईट जेव्हा उघडझाप करते तेव्हा. लागून राहिलेली असेल तर गाडी हळू चालवत गॅरेजला नेता येते, पण लुकलुकत असेल तर एखादा सिलेंडर जोरात मिसिंग मारतोय, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नाहीये, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटकॉनमध्ये (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) जाऊन तिथे जळतंय. कॅटकॉन असा वितळतो, आणि तो बदलायचा खर्च कॉईलच्या (प्लगला ठिणगीसाठी करंट देणारा पार्ट) कितीतरी पट असतो. त्यामुळे अॅक्सिलरेटर सोडा, लाईट स्थिर झाली तर हळूहळू जवळच्या गॅरेजपर्यंत न्या, नाही झाली तर उभी करा.

चावी फिरवून दोन मिनिटं नुसतं बघा

आता रोजच्या पिवळ्या लाईटांकडे येऊ. इंजिन चालू न करता फक्त इग्निशन ऑन करा. सगळ्या लाईट एकदा लागल्या पाहिजेत आणि मग एकेक करून विझल्या पाहिजेत, चेक इंजिन, ऑईल आणि बॅटरी या तीन साधारण इंजिन चालू झाल्यावर जातात. कुठली लागून राहते, केव्हा लागते, हे लिहून ठेवा, मोबाईलवर फोटो काढला तर उत्तमच. चावी फिरवताक्षणी लागते, की वीसचा स्पीड गेल्यावर, की फक्त पावसात, की फक्त सीएनजीवर, की टाकी भरून आल्यावर, अशी माहिती मेकॅनिकला दिली तर त्याचे दोन तास वाचतात, आणि अशी माहिती कोणी देतच नाही म्हणून तो अंदाजाने पार्ट बदलत बसतो.

एकदम तीन-चार लाईट लागल्या असतील, एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम), स्टिअरिंग, एअरबॅग, ट्रॅक्शन, सगळ्या एकत्र, तर एवढ्या सिस्टीम एकाच दिवशी बिघडत नसतात हे लक्षात घ्या. आधी बॅटरी बघा. साधा मल्टिमीटर घ्या, गाडी रात्रभर बंद असल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे, १२.२ म्हणजे बॅटरी निम्म्यावर आलीये. मग इंजिन चालू करून हेडलाईट आणि एसी लावून परत मोजा, १३.८ ते १४.५ च्या मध्ये यायला हवं. नवीन गाड्यांमध्ये अल्टरनेटर (चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा) स्वतःच व्होल्टेज कमी-जास्त करतो म्हणून लोड टाकून मोजायला सांगतोय, नुसत्या आयडलवर (अॅक्सिलरेटर न दाबता) थोडं कमी दिसलं म्हणून लगेच अल्टरनेटर बदलायला जाऊ नका. टर्मिनलवर पांढरी-हिरवट पावडर साचली असेल तर नट सोडून ब्रशने साफ करा (आधी निगेटिव्ह काढायचा, लावताना निगेटिव्ह शेवटी), आणि बॅटरीपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची वायर जिथे बोल्टने बसते तिथे गंज आहे का तेही बघा. तीन-चार वर्षं झालेल्या बॅटरीचा सेल कमजोर झाला की स्टार्ट मारताना व्होल्टेज दहाच्या खाली जातं आणि तेवढ्या क्षणात इलेक्ट्रॉनिक स्टिअरिंग, एबीएस सगळ्यांचे मॉड्यूल तक्रार नोंदवून बसतात.

दुसरी गोष्ट म्हणजे उंदीर. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्यांचं हे फार मोठं दुखणं आहे. बोनेट उघडून टॉर्च मारा, लेंड्या, कुरतडलेला बोनेटखालचा फेल्ट, अर्धवट खाल्लेला पाव असलं काही दिसलं तर स्कॅनर लावण्याआधी वायरिंग हाताने तपासा. आणि सर्व्हिसिंगमध्ये इंजिन प्रेशरने धुऊन आणलं आणि दुसऱ्या दिवशी लाईट लागली तर कपलरमध्ये (वायरींच्या जोडणीत) किंवा प्लगच्या खोबणीत पाणी गेलं असण्याचीच शक्यता जास्त, आधी ते वाळवा.

कोड वाचायला शिका, अवघड नाहीये

आपल्याकडे २०१३ नंतरच्या जवळपास सगळ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत स्टिअरिंगखाली गुडघ्याजवळ १६ पिनचा ओबीडी सॉकेट (गाडीने स्वतः नोंदवलेले बिघाड वाचायची जागा) असतो. हजाराच्या आसपास ब्लूटूथचा छोटा डोंगल मिळतो, तो लावून मोबाईलवर अॅप टाकलं की इंजिनचे कोड, म्हणजे बिघाडाचे नंबर, दिसतात. एक मर्यादा आधीच सांगतो, हे स्वस्त डोंगल बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड वाचतात, एबीएस आणि एअरबॅगसाठी सगळ्या सिस्टीम वाचणारा स्कॅनर लागतो आणि तो गॅरेजमध्येच मिळेल.

कोड दिसल्यावर इरेजचं बटण दाबायचं नाही. आधी कोडचा आकडा लिहा, मग फ्रीझ फ्रेम उघडा. बिघाड ज्या क्षणी नोंदला गेला त्या क्षणी गाडीचा स्पीड, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे), कूलंटचं टेम्परेचर, लोड काय होतं ते सगळं तिथे साठवलेलं असतं, आणि इरेज केलं की कोडबरोबर तेही पुसलं जातं. बॅटरीची वायर काढून लाईट घालवणारे लोकही हाच पुरावा पुसून टाकतात, वर बऱ्याच गाड्यांमध्ये आयडलचं सेटिंग आणि काचांचं ऑटो फंक्शन परत शिकवावं लागतं ते वेगळंच.

आणि कोडचा अर्थ नीट घ्या. पी०१७१ आला तर त्यात ऑक्सिजन सेन्सर खराब आहे असं कुठेही म्हटलेलं नसतं, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय एवढंच तो सांगतो. ते कमी का पडतंय हे शोधायला अॅपमध्ये फ्युएल ट्रिम नावाचं रीडिंग असतं, शॉर्ट (त्या क्षणाची भरपाई) आणि लाँग (मुरलेली भरपाई) दोन्ही. दोन्हीची बेरीज शून्याच्या जवळपास असेल तर ठीक, सतत अधिक दहा टक्क्यांच्या वर असेल तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्तीचं पेट्रोल ढकलून भरपाई करतोय. आता हे बघा: आयडलवर आकडा खूप वर आहे आणि उभ्या गाडीत २५०० आरपीएमला नेल्यावर खाली येतो, तर कुठेतरी व्हॅक्यूमचा पाईप फाटलाय किंवा निघालाय, कारण आयडलला थोडीशी चोरटी हवाही फार मोठी पडते. उलट आयडलला ठीक आहे पण चढावर, लोडवर आकडा वाढतो, तर पेट्रोल पुरत नाहीये, फिल्टर किंवा पंप बघा, किंवा हवा मोजणारा सेन्सर धुळीने माखलाय. तो सेन्सर त्याच्यासाठीच्या स्प्रेने साफ होतो, बोटाने किंवा कापडाने पुसायचा नाही, आतली तार तुटते. एवढं तपासायला एक पैसा लागत नाही आणि त्यानंतर कुठला पार्ट घ्यायचा हे आपसूक कळतं.

मिसिंगचं उदाहरण देतो. आमच्या शेजारच्या काकांची सीएनजी हॅचबॅक, शहरात एकदम व्यवस्थित, पण साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढताना धक्के द्यायची आणि वर पोचेपर्यंत चेक इंजिन लागलेली. दोन ठिकाणी लाईट घालवून दिली, एका ठिकाणी गॅसचा किट सर्व्हिस करून दिला, फरक शून्य. कोड होता पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलेंडरचं मिसिंग. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त ताकदीची ठिणगी लागते, म्हणून कॉईल किंवा प्लग कमजोर व्हायला लागला की तो आधी सीएनजीवर आणि तेही लोडवर उघडा पडतो, पेट्रोलवर टाकली की गाडी गपचूप चालते आणि सगळा दोष किटवर जातो. मी काकांना म्हटलं, काहीच विकत घेऊ नका, इंजिन गार असताना दहा नंबरचा पाना घ्या, तिसऱ्याची कॉईल काढून पहिल्यावर लावा आणि पहिल्याची तिसऱ्यावर, कोड इरेज करा (फोटो काढून ठेवलेला होता) आणि तशीच घाटात घेऊन जा. परत आले तेव्हा कोड पी०३०१ झालेला, म्हणजे बिघाड कॉईलबरोबर जागा बदलून गेला. संपलं, कॉईल खराब. एक कॉईल आणि सगळे प्लग बदलले, त्यानंतर ती लाईट लागलेली नाही. कोड तिसऱ्यावरच राहिला असता तर मग प्लगची अदलाबदल, तरीही तिथेच राहिला असता तर इंजेक्टर (इंधन फवारणारा) आणि शेवटी कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब). क्रम असा ठेवा, स्वस्त आणि सोपं आधी.

पी०४२० हा कोड बघून थेट कॅटकॉन बदलायला सांगणारे खूप भेटतील. थांबा. सायलेन्सरचा पाईप पुढच्या बाजूला कुठे लीक आहे का बघा, गार इंजिन चालू केल्यावर फट-फट आवाज येतो किंवा जोडावर काळी काजळी दिसते. मिसिंगचा कोड सोबत आहे का बघा, असेल तर आधी ते दुरुस्त करा. मग गाडी गरम झाल्यावर कॅटकॉनच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज अॅपमध्ये ग्राफवर लावा. ते साधारण स्थिर राहत असेल तर कॅटकॉन काम करतोय, सतत वर-खाली नाचत असेल तर खरंच संपत आलाय.

पी०१२८ आपल्याकडे दुर्लक्षित राहतो कारण गाडी चालायला काहीच त्रास देत नाही. इंजिन वेळेत गरम होत नाहीये, बहुतेक वेळा थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलेला असतो. कोणीतरी जुन्या गरम झालेल्या गाडीचा थर्मोस्टॅट काढूनच टाकलेला असतो हेही बघितलंय. अॅव्हरेज पडतं, इंजिनची झीज वाढते, तेव्हा बदलून घ्या, आणि कूलंटची लेव्हल कमी असेल तर ते कुठे जातंय ते आधी शोधा.

एबीएस, ब्रेक आणि एअरबॅग

एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या सगळ्या कारना एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे ही लाईट आता स्वस्तातल्या गाड्यांनाही लागते. फक्त एबीएसची लाईट असेल तर साधे ब्रेक लागतात, पण जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात, पावसात अंतर ठेवूनच चालवा. एबीएसबरोबर लाल ब्रेकची लाईटही लागली असेल, हँडब्रेक पूर्ण खाली असूनही, तर मग पुढच्या-मागच्या चाकांना ब्रेक वाटून देणारी यंत्रणाही बंद असू शकते आणि त्या अवस्थेत हायवेला जाऊ नका. नुसती लाल ब्रेकची लाईट असेल तर ब्रेक ऑईलची बाटली बघा. इथे एक चूक सगळीकडे होते, लेव्हल कमी दिसली की टॉप-अप करायचं आणि लाईट गेली म्हणून निघायचं. ब्रेक ऑईल पेट्रोलसारखं संपत नाही, पॅड झिजले की लेव्हल खाली येते किंवा कुठेतरी गळत असतं. चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का बघा, पॅड किती उरलेत बघा, मग काय ते भरा.

एबीएसची लाईट बहुतेक वेळा चाकाजवळच्या स्पीड सेन्सरमुळे लागते. चावी फिरवताच लागून राहते, तर वायर तुटलीये किंवा कपलर सुटलाय. गाडी निघाल्यावर दहा-वीसच्या स्पीडला लागते, तर वायर जोडलेली आहे पण सिग्नल बरोबर येत नाही. कोकणातून पावसाळ्यात आलेल्या गाडीत सेन्सरच्या टोकाशी लाल माती घट्ट बसलेली असते, चाक काढून ती साफ केली की बऱ्याचदा काम होतं. सेन्सरची वायर स्टिअरिंग वळवल्यावर कुठे घासते तेही हाताने चाचपा, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून. आणि व्हील बेअरिंग बदलल्यावर लगेच लाईट लागली असेल तर बेअरिंग उलटं बसवलंय का ते विचारा, बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूला सेन्सरसाठी मॅग्नेटची पट्टी असते आणि ती सेन्सरकडेच यावी लागते.

एअरबॅगची लाईट लागून राहिली असेल तर अपघातात एअरबॅग उघडेलच याची खात्री नाही, म्हणून तिला गाडी तर नीट चालतीये म्हणत वर्षभर ठेवू नका, घरच्यांना घेऊन फिरतो आपण त्या गाडीत. नेहमीची जागा म्हणजे सीटखालचा पिवळा कपलर, सीट मागे-पुढे करताना किंवा व्हॅक्यूम मारताना तो ढिला होतो. दुसरी जागा स्टिअरिंगच्या आतली क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टिअरिंगला वायर जोडून ठेवणारी गुंडाळलेली पट्टी), तिची खूण म्हणजे एअरबॅगच्या लाईटबरोबर हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणं मधूनमधून बंद पडतात. या वायरींना मल्टिमीटर लावायचा नाही, आणि कपलर दाबून बसवायचा असला तरी इग्निशन बंद, बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला आणि पुढे काही मिनिटं थांबलेलं पाहिजे. बऱ्याच गाड्यांत कपलर बसवला तरी लाईट स्कॅनरशिवाय जात नाही. याच्या पुढचं काम घरी करू नका.

बीएस६ डिझेलवाल्यांसाठी

डीपीएफची लाईट हा एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांचा विषय. सायलेन्सरमधला फिल्टर काजळी धरून ठेवतो आणि ती जाळायला साधारण ६०० डिग्रीच्या आसपास तापमान लागतं, ते पाच किलोमीटरच्या ऑफिसच्या ट्रॅफिकमध्ये येतच नाही. लाईट स्थिर असेल तर मोकळ्या रस्त्याला न्या, साठच्या वर स्पीड, एक गिअर खाली ठेवून आरपीएम दोन हजारच्या वर, पंधरा-वीस मिनिटं न थांबता. टाकीत डिझेल पुरेसं ठेवा, रिझर्व्हला असताना बऱ्याच गाड्या ही जाळण्याची क्रिया सुरूच करत नाहीत. घरी पोचल्यावर आयडल थोडं जास्त, फॅन जोरात आणि गरम वास येत असेल तर ती क्रिया चालू आहे, लगेच बंद करू नका, होऊ द्या. वारंवार अर्धवट राहिली की न जळलेलं डिझेल ऑईलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर लेव्हल चक्क वाढलेली दिसते, ते चांगलं लक्षण नाही, ऑईल बदलावं लागतं, आणि मॅन्युअलमध्ये दिलेलं कमी राखेचंच ऑईल टाका. डीपीएफबरोबर चेक इंजिन लागली आणि पिकअप पडला तर हायवेचा उपाय संपला, सर्व्हिस सेंटरला न्या. फिल्टर पोकळ करून सॉफ्टवेअर बदलून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. डीईएफची (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रव) लाईट असेल तर मात्र शोधायचं काही नाही, किलोमीटर उलटे मोजले जातात, शून्य झालं की इंजिन परत स्टार्ट होत नाही, वेळेत भरा.

टायर प्रेशरची लाईट हवा भरूनही जात नसेल तर सकाळी गार टायरमध्ये ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा, मग रीसेटचं बटण दाबून थोडं चालवा. चालू करताच मिनिटभर लुकलुकून मग स्थिर होत असेल तर हवेचा प्रश्न नाही, सिस्टीममध्येच बिघाड आहे, बऱ्याचदा चाकातल्या सेन्सरची बॅटरी संपलेली असते.

दुरुस्ती खरंच झाली का ते कसं कळणार? दोष गेला की चेक इंजिनची लाईट साधारण लागोपाठ तीन ड्रायव्हिंग सायकलनंतर (स्टार्ट करून, चालवून, बंद करणं ही एक) स्वतः जाते. कोड इरेज केला असेल तर अॅपमध्ये रेडीनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या कुठल्या तपासण्या पूर्ण केल्या त्याची यादी) उघडा. इरेज केल्यावर ते सगळे अपूर्ण दिसतात आणि शहर-हायवे मिळून काही दिवस चालवल्यावर एकेक पूर्ण होतात. सगळे पूर्ण झाले, पेंडिंगमध्येही (अजून पक्के न झालेले कोड) काही नाही, तर मेकॅनिकला बाकीचे पैसे द्या. सेकंड हँड गाडी बघायला जाताना हेच उलटं वापरा, डोंगल बरोबर न्या, लाईट एकही नाही पण मॉनिटर सगळे अपूर्ण, याचा अर्थ बॅटरी नुकतीच काढलेली नसेल तर विकणाऱ्याने आदल्या दिवशी कोड पुसलेत. आणि चावी फिरवल्यावर एअरबॅगची किंवा चेक इंजिनची लाईट एकदाही लागलीच नाही तर बल्बच काढलेला असू शकतो, ती गाडी घेऊ नका.